लिंडनव्हिलची दमलेली मुलं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्याचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती उभ्या राहतात. पण या राज्याच्या पश्चिम टोकाला, ऑन्टारिओ नावाच्या प्रचंड सरोवराच्या दक्षिण काठाजवळ, सगळा शेतीचा मुलूख आहे. सफरचंदाच्या बागा, दुभत्या गाईंचे गोठे, आणि मैल-दोन मैलांवर विखुरलेली घरं. त्या मुलखात लिंडनव्हिल नावाचं एक खेडं आहे. वस्ती हजाराच्याही आत. सगळ्यांना सगळे ओळखतात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे दवाखान्याआधी शेजाऱ्यांना कळतं. थोडक्यात, आपल्याकडच्या एखाद्या गावासारखंच गाव.

या गावात डॉ. डेव्हिड बेल हे बालरोगतज्ज्ञ दवाखाना चालवत. १९८५ सालच्या शरद ऋतूत, शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा त्यांच्याकडे एकामागून एक मुलं येऊ लागली. घसा दुखतोय, बारीक ताप आहे, मानेत गाठी आल्यात, डोकं आणि पोट दुखतंय, अंग मोडून आलंय. यात विशेष काही नव्हतं. हवा बदलली की अशी साथ कुठल्याही गावात येते. आठवडाभर अंथरुणात पडायचं, गरम काहीतरी प्यायचं आणि पुन्हा शाळेत जायचं, हा ठरलेला क्रम.

पण आठवडा गेला, महिना गेला, नाताळ आला, तरी यातली बरीच मुलं उठली नाहीत. आणि आजारी पडणारी केवळ मुलंच नव्हती. त्या परिसरात पुढच्या काळात दोनशेहून अधिक लोकांना हा त्रास झाला.

या आजाराचं मुख्य लक्षण सांगताना आपली पंचाईत होते, कारण त्यासाठी जो शब्द वापरावा लागतो तो फार साधा आहे. थकवा. आता थकत कोण नाही? लावणी करून आलेली बाई थकते, लोकलला लोंबकळून आलेला कारकून थकतो. मराठीत तर यासाठी शब्दांची रेलचेल आहे. शीण, मरगळ, ग्लानी, गळाठा. पण यातल्या बहुतेक थकव्यांवर एक हमखास उपाय असतो, तो म्हणजे रात्रीची झोप. लिंडनव्हिलच्या मुलांना नेमका तोच उपाय लागू पडत नव्हता. दहा-बारा तास झोपून उठलेलं मूल झोपण्यापूर्वी होतं तितकंच दमलेलं असे.

दुसरी गोष्ट आणखी चमत्कारिक होती. एखाद्या दिवशी मुलाला जरा बरं वाटलं, ते थोडं खेळलं, तर त्याची शिक्षा त्याला त्याच दिवशी मिळत नसे. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी मिळे आणि मग ते कित्येक दिवस अंथरुणाला खिळे. जणू शरीराने उसने पैसे दिले आणि मग सावकारी व्याजाने वसूल केले. आज वैद्यकशास्त्र याच गोष्टीला या आजाराची मुख्य खूण मानतं. शिवाय मुलांचं लक्ष लागेना. वाचलेलं पान संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरली जाई. उजेड सहन होत नसे. उभं राहिलं की चक्कर येई.

मग तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, क्ष-किरण. पहिला संशय होता ‘ग्लँड्युलर फीव्हर’ घडवणाऱ्या विषाणूवर, कारण त्यातही घसा, ताप आणि गाठी असतात आणि नंतर बराच काळ अशक्तपणा राहतो. पण सगळ्या मुलांच्या बाबतीत ते जुळेना. बाकीचे अहवाल तर बहुतेकांचे स्वच्छ होते. आपल्या घराघरांत बोललं जाणारं ते वाक्य आठवा, ‘सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत.’ खरं तर हे ऐकून आनंद व्हायला हवा. पण अंथरुणातून उठू न शकणाऱ्या माणसाला हे वाक्य निकालासारखं वाटतं. कारण त्यानंतर पुढचं वाक्य ठरलेलं असतं. उघड म्हणा किंवा मनात म्हणा, ‘मग तुम्हाला काही झालेलंच नाही.’

मुलांच्या बाबतीत याला एक तयार नाव असतं, शाळेची भीती. मूल शाळा टाळतंय, आई त्याला फार जपतेय, घरात काहीतरी बिनसलंय. आता शाळेची भीती ही गोष्ट खोटी नाही. ती असते, आणि तिचीही काळजी घ्यावी लागते. पण तिची परीक्षा सोपी आहे. शाळेला घाबरणारं मूल सोमवारी सकाळी आजारी असतं आणि सुट्टीच्या दिवशी सायकलवर असतं. ज्या मुलाला रविवारीही सायकल चालवता येत नाही, सुट्टीतही मित्रांकडे जाता येत नाही, वाढदिवसाच्या दिवशीही उठून बसवत नाही, ते शाळा टाळत नाही. त्याचं सगळं बालपणच त्याच्या हातून सुटत चाललेलं असतं.

बेल यांनी या मुलांवर विश्वास ठेवला. त्यांचा मोठेपणा मला इथेच वाटतो. त्यांच्याकडे औषध नव्हतं, कारण सापडलेलं नव्हतं, सुरुवातीला आजाराला सर्वमान्य नावसुद्धा नव्हतं. पुढे १९९१ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं तेव्हा त्याला ‘हजार नावांचा आजार’ अशा अर्थाचं शीर्षक दिलं, ते उगाच नाही.

असं काही जगात पहिल्यांदाच घडत होतं का? नाही. १९४८-४९च्या हिवाळ्यात आइसलँडमधल्या अकुरेरी या गावात साडेचारशेहून अधिक लोक असेच आजारी पडले. आधी पोलिओ वाटला, पण पोलिओचा विषाणू सापडला नाही. १९५५च्या जुलै महिन्यात लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी मिळून २९२ जण आजारी पडले. रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. पंधरा वर्षांनी, १९७० साली, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जाहीर केलं की रॉयल फ्रीचा प्रकार म्हणजे सामूहिक उन्माद होता. त्यांचा आधार काय? आजाऱ्यांमध्ये बायकांची संख्या फार होती आणि तपासण्यांत विशेष काही निघालं नव्हतं. त्यांनी जुनी कागदपत्रं चाळली, पण त्या रुग्णांना समोर बसवून एकदाही तपासलं नाही. तरीही त्यांचं म्हणणं पुढे कित्येक वर्षं या आजाराला चिकटून राहिलं. लिंडनव्हिलच्या आयांना जे टोमणे ऐकावे लागले, त्यांचं मूळ अशा निष्कर्षांत होतं.

१९८४-८५च्या सुमारासच अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, नेवाडा राज्यात टाहो सरोवराकाठच्या इन्क्लाइन व्हिलेज इथेही अशीच साथ आली होती. या सगळ्याची चर्चा वाढली आणि १९८८ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या तज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराची व्याख्या ठरवली. नाव दिलं ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’. म्हणजे पुन्हा तोच साधा शब्द, थकवा! इंग्लंडमध्ये याला ‘मायॅल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस’ असं जड नाव होतं. आता दोन्ही नावं जोडून वापरली जातात. पण रुग्णांचं जुनं गाऱ्हाणं आहे की ‘थकवा’ या शब्दानेच त्यांचं निम्मं नुकसान केलं.

आता कारणाचा शोध. इथे लिंडनव्हिलची गोष्ट एखाद्या रहस्यकथेसारखी होते, फक्त शेवटच्या पानावर गुन्हेगार पकडला जात नाही.

डॉ. कॅरेन बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी पडलेली २१ मुलं आणि त्याच भागातली ४२ निरोगी मुलं यांची तुलना केली. काय खाता, काय पिता, घरात आणखी कोण आजारी आहे, अशी चौकशी केली. १९९१ साली ती प्रसिद्ध झाली. तीन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. आजारी मुलांच्या घरात इतरांनाही अशीच लक्षणं असण्याचं प्रमाण अधिक होतं. त्यांच्यात ॲलर्जी किंवा दम्याचा पूर्वेतिहास अधिक होता. आणि त्यांच्यात न तापवलेलं, निरसं दूध प्यायलेली मुलं अधिक होती.

आपल्याकडे दूध घरात आलं की पहिल्यांदा गॅसवर चढतं, त्यामुळे आपल्याला हे ऐकून लगेच वाटेल, ‘हेच ते!’ पण इथे जपून पावलं टाकावी लागतात. निरसं दूध पिऊनही आजारी न पडलेली मुलं होती, आणि न पिताही आजारी पडलेली होती. दूध हा एक धागा होता. एखादा संसर्ग घराघरांतून फिरला असावा आणि काही मुलांच्या शरीरांनी त्याला वेगळ्या तऱ्हेने तोंड दिलं असावं, एवढीच शंका त्यातून बळावते. दुधात नेमकं काय होतं, काही होतं का, हे कधीच सिद्ध झालं नाही.

त्याच वर्षी मोठी खळबळ उडाली. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. एलेन डीफ्रेटस यांनी, बेल हेही सहलेखक असलेल्या एका निबंधात, या रुग्णांमध्ये एका रेट्रोव्हायरसच्या जनुकीय खुणा सापडल्याचं मांडलं. एड्सचा विषाणू त्याच कुळातला, म्हणून जगाचे कान टवकारले. रुग्णांना वाटलं, सुटलो, आता कोणी आपल्याला खोटं म्हणणार नाही. पण इतर प्रयोगशाळांना ते पडताळता आलं नाही आणि तो धागाही तुटला. पुढे २००९ साली दुसऱ्या एका विषाणूची अशीच घोषणा झाली. तो विषाणू प्रयोगशाळेतल्या भेसळीतून आल्याचं दिसलं आणि २०११च्या अखेरीस तो शोधनिबंध मागे घेण्यात आला. दोनदा आशा पालवली आणि दोनदा करपली. विज्ञानात असं होतं, ते प्रामाणिकपणे मान्यही केलं जातं. पण प्रत्येक वेळी किंमत मोजतो तो अंथरुणावर पडलेला माणूस. कारण गुन्हेगार सापडला नाही की लोक म्हणू लागतात, मुळात गुन्हा घडलाच नव्हता.

एका दिशेने मात्र काहीसा उजेड पडला. ही मुलं उभी राहिली की त्यांचा त्रास वाढतो, हे बेल यांनी पाहिलं होतं. सिरॅक्यूज शहरातले डॉ. डेव्हिड स्ट्रीटन यांच्याबरोबर त्यांनी रुग्णांच्या शरीरात एकूण रक्त किती आहे, हे मोजलं. अनेकांच्या अंगात तांबड्या पेशींचं एकूण प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी निघालं. आता कोणी विचारेल, मग हिमोग्लोबिनच्या तपासणीत हे कसं दिसलं नाही? त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. आमटीचा एक चमचा चाखला की मीठ बरोबर आहे की नाही ते कळतं. पण पातेलं भरलेलं आहे की अर्धं रिकामं, हे त्या एका चमच्यावरून कसं कळणार? हिमोग्लोबिन म्हणजे चव. एकूण रक्त म्हणजे पातेलं. पातेलं कमी भरलेलं असेल, तर माणूस उभा राहताच रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला कमी पडतं आणि हृदय धडधडू लागतं. आडवं झोपवून नाडी पाहिली तर सगळं ठीक. आजाराचं संपूर्ण कारण यातून मिळालं असं नाही. पण ‘रिपोर्ट नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ ‘आपण जे तपासलं तेवढंच नॉर्मल’ इतकाच असतो, हे त्यातून कळलं.

आता मी या गोष्टीच्या ज्या भागाकडे येतोय, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. साथ येते, बातम्या होतात, तज्ज्ञ येतात, तज्ज्ञ जातात. त्या मुलांचं पुढे काय झालं, हे सहसा कोणी विचारत नाही. बेल यांनी विचारलं. १९८४ ते १९८७ या काळात आजारी पडलेल्या ४६ मुलामुलींचा त्यांनी तेरा वर्षांनंतर माग काढला. त्यातल्या ३५ जणांची माहिती मिळाली, २४ मुली आणि ११ मुलगे. आजार सुरू झाला तेव्हा त्यांचं सरासरी वय बारा वर्षं होतं. आता ती पंचविशीत होती.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १३ जणांनी सांगितलं, आमचा आजार गेला. १५ जणांनी सांगितलं, आम्ही ठीक आहोत, पण आजार पुरता गेलेला नाही. चार जण अजूनही आजारी होते आणि तिघांची प्रकृती सुरुवातीपेक्षाही ढासळली होती. आठ मुलांची दोन वर्षांहून अधिक शाळा बुडाली होती. त्या आठांपैकी पाच जण तेरा वर्षांनंतरही आजारी होते. म्हणजे ज्यांना लोक शाळाचुकार म्हणाले असतील, तीच मुलं सगळ्यात जास्त आजारी होती.

ही पाहणी ऐकून कोणी म्हणेल, ‘चला, ३५ पैकी २८ जण ठीक आहेत, हे काही वाईट नाही.’ खरंच वाईट नाही. लहान वयात हा आजार झालेल्यांची सुधारण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा अधिक असते, आणि ज्या घरांत आज असं मूल आहे, त्यांना हा मोठाच दिलासा आहे. पण ‘ठीक आहे’ म्हणजे नक्की काय?

सुमारे पंचवीस वर्षांनी याचाही शोध घेतला गेला. शिकागोचे प्राध्यापक लेनर्ड जेसन, डॉ. बेल आणि सहकाऱ्यांनी मिळून लहानपणी या आजाराचं निदान झालेल्या २५ जणांना पुन्हा गाठलं. ती पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. पाच जण म्हणाले, आम्हाला अजून तो आजार आहे. वीस जण म्हणाले, आता नाही. मग या वीस जणांची निरोगी माणसांशी तुलना केली गेली. २३ बाबी तपासल्या होत्या. त्यातल्या २१ बाबींत हे ‘बरे झालेले’ लोक निरोगी माणसांपेक्षा लक्षणीय मागे होते!

ही माणसं खोटं बोलत होती का? मुळीच नाही. बाराव्या वर्षी आजारी पडलेल्या मुलाला धडधाकट मोठं माणूस असणं म्हणजे काय, याचा अनुभवच नसतो. तो दिवसाचे तास मोजून वापरायला शिकतो. सकाळी बाजारात गेलो तर संध्याकाळी कोणाकडे जायचं नाही, अमुक नोकरी झेपणार नाही, तमुक प्रवास नको. हळूहळू त्याला या कुंपणाची इतकी सवय होते की कुंपण दिसेनासं होतं. मग विचारलं की तो मनापासून सांगतो, ‘मला बरं आहे.’

या पाहण्या लहान आहेत हेही सांगायला हवं. पंचवीस किंवा पस्तीस माणसांवरून साऱ्या जगाचा हिशेब मांडता येत नाही. आजाराची व्याख्याही साथ येऊन गेल्यानंतर ठरली. पण लहान गावातल्या एका डॉक्टरने नोंदी नीट ठेवल्या, पत्ते जपले आणि पुन्हा पुन्हा जाऊन चौकशी केली, म्हणून एवढं तरी हाती लागलं. मोठ्या प्रयोगशाळांच्या दोन गाजलेल्या घोषणा विरून गेल्या आणि गावच्या दवाखान्यातली ही चिकाटीची नोंदवही टिकली.

आज हे सगळं सांगायचं कारण काय? २०१५ साली अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने हजारो शोधनिबंध चाळून स्पष्ट सांगितलं की हा खरा, गंभीर, शारीरिक आजार आहे, आणि एकट्या अमेरिकेत त्याचे साडेआठ ते पंचवीस लाख रुग्ण असावेत. त्यातल्या बहुतेकांचं निदानच झालेलं नाही. २०२१ साली ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने, ठरावीक वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला मागे घेतला, कारण अनेक रुग्ण त्याने अधिक आजारी पडल्याचं सांगत होते. ‘जरा हातपाय हलव, आपोआप बरं वाटेल’ हा आपला प्रेमळ उपदेश या आजारात घातक ठरू शकतो.

आणि २०२० नंतर तर हा विषय साता समुद्रापलीकडचा राहिलाच नाही. करोनातून उठलेल्या जगभरच्या लाखो माणसांना महिनोन् महिने तसाच अनुभव आला. दमणूक, धूसर झालेलं डोकं, उभं राहिलं की धडधड, आणि स्वच्छ अहवाल. त्यातल्या काहींची लक्षणं या आजाराच्या व्याख्येत चपखल बसतात. २००६ साली महाराष्ट्रात चिकुनगुन्याची साथ आली होती. ताप उतरल्यावरही महिनोन् महिने सांधे धरलेली माणसं तेव्हा गावोगाव दिसत. तो आजार वेगळा. पण ताप उतरला म्हणजे आजारपण संपलं असं नसतं, हे आपणही पाहिलेलं आहे.

म्हणून एवढंच मागणं आहे. थकवा हे रक्तक्षय, थायरॉइड, क्षय, नैराश्य अशा अनेक गोष्टींचं लक्षण असू शकतं. त्या सगळ्यांची तपासणी आधी व्हायलाच हवी. पण सगळं तपासून झाल्यावरही घरातली सून, वर्गातला मुलगा किंवा हाताखालचा माणूस उठू शकत नसेल, तर निवाडा देण्याची घाई करू नये. शाळेने अशा मुलाला दिवसातले दोनच तास बसू द्यावं, घरी अभ्यास द्यावा, परीक्षेत जादा वेळ द्यावा. घरच्यांनी बऱ्या दिवशी त्याच्याकडून सगळी राहिलेली कामं करून घेऊ नयेत.

आणि ‘आता बरं आहे ना?’ असं आपण विचारतो तेव्हा उत्तर आपणच तोंडात घातलेलं असतं. समोरचा ‘हो’ म्हणतो आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारावं, ‘पूर्वी काय काय करत होतास, जे आता सोडून दिलंस?’ आणि मग जरा थांबून, घड्याळाकडे न बघता, उत्तर ऐकावं. पंचवीस वर्षांनी लिंडनव्हिलच्या मुलांचं खरं आजारपण अशाच प्रश्नांतून बाहेर आलं होतं.